सी रांगेतल्या चार खुर्च्या

नाटकाच्या व्यवहारात 'प्लॅन' असा एक शब्द आहे. प्रेक्षागृहातील खुर्च्यांचा तो छापील नकाशा. डाव्या हातास रांगांची अक्षरे, चौकटींतून खुर्च्यांचे आकडे, आणि वरच्या अंगास 'रंगमंच' असे लिहिलेली एक आडवी रेघ. तिकीट विकले की त्या चौकटीवर लाल पेन्सिलीने फुली मारावयाची. प्लॅन खुला झाला, प्लॅन भरला, प्लॅनवर काय उरले आहे, अशी सारी भाषा या एका कागदाभोवती फिरत असते. आम्ही उभयता गेली पंधरा वर्षे हा कागद पुढ्यात घेऊन बसत आलो आहोत. आमच्यापैकी एकाची हयात बँकेत गेली, म्हणून पैशाची पेटी त्याच्याकडे. दुसरीने तीस वर्षे शाळेत पोरांना रांगेत बसविले, म्हणून माणसे खुर्च्यांवर बसविण्याचे काम तिच्याकडे. इंदूरसारख्या गावी मराठी मंडळाचे काम असे ओघानेच अंगावर येते. निवृत्तीच्या समारंभातील हार वाळण्यापूर्वीच कोणीतरी पावतीपुस्तक हाती ठेवून जाते.

पहिली अकरा वर्षे आम्ही नाटकांची तिकिटे विकली. पुण्यामुंबईहून येणारी नाटके, गावातल्या हौशी मंडळींची नाटके, दिवाळीतले गाणे. त्या कामाचे आम्हांस फारसे कौतुक वाटत नसे, आणि त्याविषयी लिहावे असे तर कधीच वाटले नाही. गेली चार वर्षे मात्र आमच्या टेबलावर निराळ्याच प्रयोगाचा प्लॅन असतो. मंडळातील सात तरुण मुलेमुली दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी उत्स्फूर्त विनोदाचा कार्यक्रम करतात. ती त्याला 'इम्प्रॉव्ह' म्हणतात. त्यांच्यात दोघे संगणक अभियंते आहेत, एक मुलगी सनदी लेखापालाची परीक्षा देते आहे, एकाचे वडिलांसोबत औषधांचे दुकान आहे. यांच्याजवळ संहिता नसते. पाठ केलेले वाक्य नसते. पडदा सरला की एकजण पुढे येतो आणि म्हणतो, "एक जागा सांगा," किंवा "एखादे नाते सांगा." प्रेक्षागृहातून शब्द येतात. जो शब्द प्रथम कानी पडेल त्यावर तिथल्या तिथे प्रवेश उभा राहतो. कधी घंटा वाजली की नटाने बोललेले वाक्य बदलून दुसरे बोलावयाचे, कधी साऱ्यांनी केवळ प्रश्नांतच बोलावयाचे, असेही खेळ त्यात असतात. काही प्रवेश फसतात. फसले तरी लोक हसतात, कारण फसणारा आपल्यासमोर फसत असतो.

प्रारंभी मंडळात कुरकुर झालीच. ही परदेशी नवलाई आपल्याकडे कशाला, असे एका सभासदांनी वार्षिक सभेत विचारले. परदेशी म्हणण्यास आधार आहे हे खरे. शिकागो शहरात 'हल हाउस' नावाची एक संस्था होती; जेन ॲडम्स या बाईंनी आपल्या सहकारी मैत्रिणीसह १८८९ साली तिची स्थापना केली होती. परदेशांतून येऊन त्या शहरात वसलेल्या गरीब कुटुंबांसाठी तेथे नाना उपक्रम चालत. तेथे नीवा बॉइड यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन नावाची तरुण स्त्री शिकली. पुढे तिने निरनिराळ्या देशांतून आलेल्या मुलांना एकत्र आणण्यासाठी नाट्यखेळ रचले. मुलांची भाषा एक नव्हती, रीतिभाती एक नव्हत्या; पण खेळात ती एकमेकांशी बोलू लागत. स्पोलिनचे या विषयावरील पुस्तक १९६३ साली निघाले. तत्पूर्वीच, १६ डिसेंबर १९५९ रोजी, तिचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याचे सहकारी यांनी शिकागोतच 'सेकंड सिटी' हे नाट्यगृह उघडले. तेथे प्रेक्षक लहान लहान टेबलांभोवती बसत, आणि मुख्य कार्यक्रम आटोपला की त्यांच्याकडूनच शब्द मागून ऐनवेळचे प्रवेश होत. परमुलखात आलेल्यांच्या मुलांसाठी हे खेळ निघाले, एवढी एक गोष्ट आम्हांस पुरेशी वाटली. आपले पूर्वजही केव्हातरी बिऱ्हाड पाठीवर घेऊनच माळव्यात आले होते.

आणि नवलाई तरी कसली? विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे तेवढी रचलेली असत. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या अनुरोधाने आपापली भाषणे ऐनवेळी करीत. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, याच मंडळींनी मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे आपली रंगभूमी जन्मली ती पाठ न केलेल्या भाषणांनी, आणि तिकिटाची खिडकीही त्याच भाषणांपुढे उघडली. तमाशातील बतावणी तर आजही तशीच चालते. सोंगाड्या ज्या गावी उभा राहील त्या गावचा पाटील, त्या गावचा रस्ता, त्या सकाळची बातमी त्याच्या बोलण्यात येते. तेथे खुर्च्यांचा प्रश्न मात्र नसतो. नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी जत्रेची सुपारी देऊन अख्खा खेळच घेऊन जातात, आणि गाव जमिनीवर बसून तो पाहते. प्लॅनचा कागद लागतो तो आमच्यासारख्यांना, ज्यांच्याकडे २१६ खुर्च्या आहेत आणि आत येऊ पाहणारे अडीचशे.

आमचे सभागृह लहान आहे. अठरा खुर्च्यांच्या बारा रांगा. अक्षरे इंग्रजी आहेत आणि एचनंतर एकदम जे येतो. आयचे अक्षर एकाच्या आकड्यासारखे दिसते, म्हणून नाट्यगृहांत ते बहुधा गाळतात. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी गृहस्थ आय रांग शोधत फिरतातच आणि मंडळाने एक रांग कमी बसवून पैसे वाचविले असा निष्कर्ष काढून जागेवर बसतात.

पहिले दोन प्रयोग विनामूल्य ठेवावेत असे समितीने ठरविले. प्रवेशपत्रिका आठ दिवसांत संपल्या. प्रयोगास नव्वद माणसे आली. फुकटच्या कागदाची रीतच अशी आहे. तो घेताना काही जात नाही, म्हणून न येतानाही काही जात नाही. तिसऱ्या प्रयोगापासून शंभर रुपये तिकीट लावले आणि लोक पावसातही येऊ लागले. पण ते नव्वद माणसांचे दोन प्रयोग आम्हांस बरेच शिकवून गेले. लिहिलेल्या नाटकात प्रेक्षक थोडे असले तर नट मनातून खट्टू होतो, तरी त्याची वाक्ये जागच्या जागी असतात. येथे वाक्येच प्रेक्षकांकडून यावयाची. नव्वद माणसे २१६ खुर्च्यांवर विखुरली म्हणजे प्रत्येक घर आपल्या बेटावर बसते. एकटा माणूस मोठ्याने हसावयास बिचकतो; शब्द उच्चारावयास तर अधिकच. मुलगा पुढे येऊन विचारीत होता, "एक जागा सांगा," आणि लोक एकमेकांकडे पाहत होते. शेवटी मागून कोणीतरी "पोहे" म्हणाले. इंदुरात जागा विचारा, वस्तू विचारा, मृत्यूचे कारण विचारा, पहिला शब्द पोहे हाच येतो. मुलांनी आता तो वर्ज्य केला आहे.

तेव्हापासून आम्ही मागच्या चार रांगा दोरी लावून बंद ठेवतो. एपासून एचपर्यंतच्या आठ रांगा भरल्याखेरीज दोरी सुटत नाही. लोकांना मागे बसणे आवडते, कोपरा आवडतो, कडेची खुर्ची तर सर्वांनाच हवी असते. म्हणून तिकिटे भिंतीकडून मधल्या वाटेकडे अशी विकावयाची. आलेल्या मंडळींचे गुडघे, उंची आणि स्वभाव पाहून त्यांना बसवावयाचे. सर्वांत त्रास देणारी वस्तू म्हणजे एकटी उरलेली खुर्ची. तीन माणसांचे घर येते, चारांचे येते, आणि मध्ये एक चौकट तशीच पांढरी राहते. मुलांनी मोबाईलवरून तिकीटविक्री सुरू केली तेव्हा हा रोग बळावला, कारण तेथे जो तो आपली जागा आपण निवडतो आणि शेजारी एक खुर्ची मोकळी सोडतो, जणू आगगाडीत सामान ठेवावयाचे आहे. आता ते यंत्र एकटी खुर्ची उरेल अशी निवड करूच देत नाही. १२० खुर्च्या यंत्रावर, ६० आमच्या खिडकीवर, असा वाटा ठरला आहे. खिडकीवर येणाऱ्यांना कागदाचे तिकीट लागते, सुटे पैसे लागतात आणि थोड्या गप्पा लागतात. रुमाल टाकून जागा धरणारे अजून आहेत. क्रमांकाच्या खुर्चीवर रुमाल कशासाठी, असे आम्ही एकांना विचारले, तर म्हणाले, "सवय आहे हो, वहिनी."

उशिरा येणाऱ्यांसाठी जे रांगेच्या कडेच्या चार खुर्च्या आम्ही राखून ठेवतो. त्यांना आपल्या जागेपर्यंत नेले तर अर्धी रांग उठते, आणि वर रंगमंचावरची मुले त्यांना सोडीत नाहीत. "या, या, जेवण झाले का?" अशी एकदा एका जोडप्याची सुरुवात झाली आणि पुढचा सारा प्रवेश त्यांच्या उशिराच्या कारणावर गेला. गृहस्थ खूष होते. बाईंनी पुढचे दोन महिने तिकीट काढले नाही.

आता त्या पुढच्या दोन रांगांविषयी. २१६ मधून १२० आणि ६० गेले की ३६ उरतात. ए आणि बी या दोन्ही रांगा मंडळाच्या देणगीदारांसाठी राखीव आहेत. इमारत उभी राहिली त्या वेळी ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या, त्यांची नावे प्रवेशद्वाराशी संगमरवरावर कोरलेली आहेत आणि प्रत्येक कार्यक्रमास पुढच्या दोन रांगा त्यांच्या, असा जुना ठराव आहे. नाटकांना ही मंडळी येत. या प्रयोगांना छत्तीसांतील दहा-बारा येत, तीही साडेसात वाजून गेल्यावर. उरलेल्या खुर्च्या रिकाम्या. रंगमंचावरून पाहिले तर प्रकाश जेमतेम दोन-तीन रांगांपर्यंत पोचतो, त्यापुढे अंधार. म्हणजे शब्द मागणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर दोन रांगा रिकामी लाकडे, आणि बाहेर आमच्या टेबलापाशी नाव लिहून उभी असलेली चाळीस माणसे. कीथ जॉन्स्टन यांनी १९७७ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे नटांच्या दोन संघांचे सामने लावण्याची पद्धत सुरू केली. कुस्तीच्या आखाड्याभोवती लोक जसे ओरडतात तसे नाटकात का ओरडू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता. आखाड्याच्या कडेच्या दोन रांगा मोकळ्या ठेवून कुस्ती लावून पाहावी, म्हणजे आमची अडचण ध्यानात येईल.

समितीत आम्ही असे मांडले की राखीव खुर्ची सात वाजून वीस मिनिटांपर्यंत राखीव राहावी. त्यानंतर ती बाहेर उभ्या असलेल्यांना द्यावी. ठराव संमत झाला, पण सुखाने नव्हे. एक वयोवृद्ध देणगीदार दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पाणी घेतले, चहा नको म्हणाले.

"वहिनी, माझे नाव त्या दगडावर आहे. ते सात वीसला पुसायचे का?"

"नाव कोण पुसतो, अण्णा? आपली खुर्ची पुसून दुसऱ्याला बसायला देतो इतकेच."

ते हसले नाहीत. "आम्ही त्या वेळी पोटाला चिमटा काढून पैसे दिले," ते म्हणाले, "म्हणून त्या खुर्च्या आहेत. त्या रिकाम्या राहिल्या तरी त्या आमच्या रिकाम्या आहेत."

हे म्हणणे टाकाऊ नव्हते. ज्यांच्या पैशावर छप्पर उभे आहे त्यांना घड्याळ दाखविणे आम्हांसही गोड वाटत नव्हते. अण्णांच्या पिढीने इंदुरात मराठी शाळा चालविल्या, वाचनालये चालविली, गणेशोत्सव चालविले, आणि पुढची रांग ही त्याबद्दल मिळालेली एकमेव पावती होती. पण रिकाम्या खुर्चीकडून शब्द येत नाही, आणि आमच्या मुलांना शब्द हवा होता. आम्ही अण्णांना इतकेच सांगितले की सात वीसच्या आत आपण आलात तर आपल्या खुर्चीस कोणी हात लावणार नाही. ते तीन महिने आले नाहीत. चौथ्या महिन्यापासून सात वाजून पाच मिनिटांनी येतात, ए रांगेत बसतात, आमच्याशी बोलत नाहीत. मात्र तोंडावर रुमाल धरून हसताना आम्ही त्यांना पाहिले आहे.

पुढच्या रांगा भरू लागल्या तशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या कोपऱ्यातून शब्द येतात त्या कोपऱ्याचा प्रयोग होतो. महाविद्यालयातली मुले एकगठ्ठा पुढे बसली की सारी रात्र चित्रपट, क्रिकेट आणि वसतिगृहाचे जेवण. वयस्कर मंडळी एकगठ्ठा बसली की सासूसुना आणि मधुमेह. म्हणून खिडकीवरच्या साठ खुर्च्या देताना आम्ही एकाच वयाची माणसे शेजारी शेजारी येऊ नयेत एवढे पाहू लागलो. लोकांना कारण सांगत नाही. प्लॅनवर तेवढ्याच उरल्या आहेत असे सांगतो, आणि त्या क्षणी आमच्या हातातल्या कागदावर तेवढ्याच उरलेल्या असतात.

फडताळाचा प्रवेश झाला तो अशाच एका रात्री. औषधाच्या दुकानातला आमचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "घरातली एखादी वस्तू सांगा." मोबाईल, फ्रीज, गीझर असे दहा आवाज उठले, आणि त्यांतून सी रांगेतून एक बारीक, स्पष्ट आवाज आला, "फडताळ." त्याने तो घेतला. मग तो थबकला. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता. या खेळाचा पहिला नियम असा की समोरच्याने जे दिले ते नाकारावयाचे नाही. क्षणभर थांबून तो वळला, हात पुढे केला आणि म्हणाला, "या, या, फडताळसाहेब! बसा. प्रवास कसा झाला?"

सभागृहात जो हशा उठला तो ऐकून पहारेकरी आत डोकावला. सी रांगेतल्या आजी उभ्या राहिल्या. "अरे मेल्या, फडताळ म्हणजे भिंतीतलं कपाट!" मुलगा पाहुण्याकडे वळला, "साहेब, आपण भिंतीत राहता असं कळलं. भाडं किती पडतं?" पुढची पंधरा मिनिटे फडताळसाहेब भिंतीत राहत होते. त्यांना चार खण होते. कोणत्या खणात काय आहे हे विचारले की अंधारातून म्हाताऱ्या माणसांची उत्तरे येत होती. मेतकूट. तुपाची बरणी. दुभत्याची भांडी. जावई येईल म्हणून ठेवलेले लाडू. "किल्ली कोणाकडे?" असे मुलाने विचारले, तेव्हा चार-पाच बायका एकदम म्हणाल्या, "सासूकडे!"

लिहिलेल्या नाटकात आमच्या इंदुरी मुलांचे मराठी शुद्ध असते, कारण ते दुसऱ्याचे असते. येथे त्यांना पाठीशी घालावयास कोणी नाही. 'मी त्याला पूछलो' असे वाक्य तोंडातून निघून जाते, आणि जवळ बसलेली एखादी आजी "विचारलं म्हण" असे पुटपुटते, आणि मुलगा तिथल्या तिथे, प्रवेश न सोडता, "मी त्याला विचारलं, आजींच्या साक्षीनं विचारलं" असे म्हणतो. असे आजवर कितीदा झाले ते आम्ही मोजलेले नाही. हे घरी सांगितले असते तर त्याच मुलाने दार आपटले असते. आजी जवळ बसलेली असावी लागते, इतके मात्र खरे. एल रांगेतली आजी पुटपुटून काही होत नाही.

म्हणून सी रांगेतील पहिल्या चार खुर्च्या आम्ही पंचाहत्तरीपुढील माणसांसाठी ठेवू लागलो. बाजूचे दार तेथेच उघडते, एकही पायरी चढावी लागत नाही, स्वच्छतागृह जवळ आहे. तिकीट पूर्ण घेतो; सवलत दिली तर या पिढीतली माणसे येत नाहीत. एका महाविद्यालयीन मुलाने टेबलाशी उभे राहून आम्हांस विचारले, "काकू, अण्णांचा कोटा काढलात आणि आजींचा सुरू केलात. हा कुठला न्याय?" आम्ही म्हटले, "याही खुर्च्या सात वीसला सुटतात." तो म्हणाला, "माझी आजी बहात्तर वर्षांची आहे. तिने तीन वर्षे थांबायचे?" मुलगा बोलला ते बरोबर होते. ज्याच्या हाती प्लॅन असतो तो कोणालातरी पुढे आणि कोणालातरी मागे बसवितोच. रेघ कोठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कोणाची तरी आजी येते. रेघ आम्ही तशीच ठेवली आहे. बहात्तर वर्षांच्या आजींना डी रांगेत कडेची खुर्ची दिली.

या चार खुर्च्यांसाठी आमच्याजवळ एक लहान वही आहे. पहिल्या वर्षी तीत अकरा नावे होती. तिघे मुलांकडे पुण्यास आणि बंगळूरला गेले. दोघांस रात्रीचे दिसत नाही, घरची माणसे सोडीत नाहीत. दोघे वारले; त्यांतली एक फडताळ म्हणणारी. चार नावे उरली आहेत आणि थंडीच्या दिवसांत त्यांतली दोनच येतात. बहात्तरीच्या आजींचे नाव आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

गेल्या जानेवारीत सात वीसला सी रांगेत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. बाहेरच्या यादीवरची पहिली दोन नावे दोन मुलींची होती. एक खंडव्याची, एक रतलामची, दोघी वसतिगृहात राहणाऱ्या. मराठी येत नव्हते. मैत्रिणीने सांगितले म्हणून आल्या होत्या. आम्ही त्यांना आत नेले आणि वहीतल्या एका आजींच्या शेजारी बसविले. प्रयोग सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला आजींनी त्यांना हिंदीतून सांगावयास आरंभ केला. आजींना ऐकू कमी येते, म्हणून त्या हळू बोलतात असा त्यांचा समज आहे. साऱ्या सभागृहाला त्यांचे भाषांतर ऐकू येत होते. रंगमंचावरची मुले काही वेळ रेटून बोलली, मग थांबली, आणि आजींचे वाक्य पुरे झाल्यावर पुढचे वाक्य बोलू लागली. थोड्या वेळाने तर सावकाराचे काम करणारी मुलगी सरळ म्हणाली, "दुभाषीबाई, यांना विचारा, कर्ज कधी फेडणार?" आजी मुलींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पूछ रही है, पैसे कब दोगी?" खंडव्याची मुलगी घाबरून म्हणाली, "अगले महीने." आजींनी ते मराठीत केले, त्यात पदरचे व्याजही घातले, आणि प्रवेश संपेपर्यंत ते कर्ज त्या दोन मुलींच्या अंगावरच राहिले.

प्रयोग सुटल्यावर दोघी आमच्या टेबलाशी आल्या. पुढचा प्लॅन केव्हा उघडतो ते विचारले, आणि त्याच खुर्च्या मिळतील का असे विचारले. त्या खुर्च्या विकत मिळत नाहीत, असे आम्ही सांगितले. मग कशा मिळतात, असे त्यांनी विचारले. साडेसहाला येऊन यादीत नाव लिहा, आम्ही म्हटले. जागा उरली तर सात वीसला हाक मारू. रतलामच्या मुलीने मोबाईलवर ती वेळ टिपून घेतली आणि आजींना रिक्षापर्यंत पोचवावयास दोघी मागे वळल्या.